काळजी केली म्हणजे विश्वास कमी पडला का?

वानवडीकरीण | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृतींच्या धाग्यांवर असते (नाताळच्या करंज्यांवरून भांडणारी ती मीच). आज वेगळं लिहितेय.

मुलगा विसाव्या वर्षात आहे. कॉलेज नऱ्ह्याला, घर वानवडीला. दोन वर्षं पीएमटीनं गेला (पीएमपीएमएल म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही). या जूनमध्ये त्याच्या बाबांनी बाइक घेऊन दिली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात नवले पूल बसलाय. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. नव्या कात्रज बोगद्यापासून उतार सुरू होतो तो थेट पुलापर्यंत. ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापतात आणि पुढचं आपण सकाळी पेपरात वाचतो.

गुरुवारी रात्री पाऊस होता. साडेनऊला निघालो म्हणून त्याचा मेसेज आला. मोबाइलवर त्याचा निळा ठिपका त्याच उतारावरच्या स्वामीनारायण मंदिराजवळ आला आणि तिथंच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंचवीस झाली. फोन लागेना. मी देवाच्या पायाशी बसले म्हणजे काय केलं? पलंगाशी गुडघे टेकले, पण हातात मोबाइल होताच. "हे प्रभू" म्हणायचं, ठिपका बघायचा. पुन्हा "हे प्रभू", पुन्हा ठिपका. पावणेअकराला स्वारी दारात. चेन पडली होती, ती बसवली आणि मग भूक लागली म्हणून भुर्जीपाव खाल्ला. फोन पावसात भिजू नये म्हणून डिकीत टाकलेला. हात ग्रीसनं काळे आणि तोंडानं, "आई, तू अजून जागी?"

शनिवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते. तिथं मी हे सांगितलं. वाटलं, आया आहेत सगळ्या, समजून घेतील. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "बाई गं, चिंता म्हणजे अविश्वास. प्रभूनं करू नका म्हणून सांगितलंय ना? मग आज्ञा मोडलीस की." बाकीच्या "आमेन" म्हणाल्या आणि चहा आला.

तर आता मला दोन काळज्या आहेत. एक पोराची, दुसरी मी काळजी करते याची. ख्रिस्ती असा वा नसा, तुम्ही या वयाच्या मुलांचं काय करता ते सांगा.

---

नास्तिक_नारायणपेठी | सोमवार, रात्री ११.५२

ताई, देवाचं मला माहीत नाही, चेनचं माहीत आहे. नवीन बाइकची चेन तीन-चार महिन्यांत पडत असेल तर ती सैल आहे. उद्याच ताणून घ्या आणि पावसाळा संपेपर्यंत आठवड्याला वंगण. मागच्या टायरची हवा बघा. हेल्मेटचा पट्टा तो खरंच लावतो का तेही बघा, निम्मी पोरं नुसतं डोक्यावर ठेवतात.

आणि तो ठिपका बंद करा. त्यानं अपघात टळत नाही, फक्त तुमचा रक्तदाब वाढतो.

---

विश्वासात_स्थिर | मंगळवार, सकाळी ६.१०

प्रभूची स्तुती असो. भगिनी, त्या ज्येष्ठ बाई बरोबरच बोलल्या. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" असं स्पष्ट लिहिलं आहे. कशाविषयीही, म्हणजे नवले पुलाविषयीही. लेकरू प्रभूच्या हाती दिलं असेल तर पुन्हा हात लावायचा नाही. आमच्या घरात मुलं निघाली की प्रार्थना होते, मग तो विषय संपतो. आजच्या पिढीला प्रार्थनेपेक्षा ॲपवर भरवसा जास्त.

---

वानवडीकरीण | मंगळवार, सकाळी ८.४०

@नास्तिक, चेन आजच दाखवते. तुमचा प्रतिसाद वाचून ह्यांना इतका आनंद झालाय की नाश्ता करतानाही गुणगुणतायत. (ह्यांचंही हेच म्हणणं होतं.)

@विश्वासात_स्थिर, भाऊ, निघताना प्रार्थना आमच्याकडेही होते. तुमचा विषय तिथं संपतो, माझा तिथं सुरू होतो. हा दोष माझाच असेल.

---

पार्किंगमधला_बाप | मंगळवार, दुपारी १.१५

दोष कसला. मी कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट नाही, वारकरी घरातला आहे, पण अनुभव सेम. मुलगी खराडीत कामाला, रात्री कॅबनं येते. बायको उघड काळजी करते, मी करत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात मी साडेअकराला फडकं घेऊन खाली जातो आणि स्कूटर पुसतो. वॉचमन विचारतो, साहेब रोज रात्री? म्हटलं, धूळ फार असते. कॅबचे दिवे गेटवर दिसले की जिन्यानं पळत वर येतो आणि टीव्हीसमोर बसतो. ती येते, "बाबा, झोपला नाहीत?" म्हणते. "मॅच होती" म्हणतो. परवा म्हणाली, "बाबा, टीव्ही बंद आहे."

---

मुंढव्याचा_मी | मंगळवार, दुपारी २.०३

ताई, राग मानू नका, पण मूळ प्रश्नच वेगळा आहे, तुमच्या लोकांनी आधी हे सांगावं की गावोगावी

*[पुढचा मजकूर आणि त्यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा पालकांच्या काळजीवर आहे, धर्मांतरावर नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, किंवा काढू नका, ते उत्तम. - संपादक]*

---

निवृत्त_पाळक | मंगळवार, रात्री ९.३०

वानवडीकरीण ताई, सलाम. छत्तीस वर्षं व्यासपीठावर उभा राहिलो, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे, सांभाळून घ्या.

डोंगरावरच्या प्रवचनातलं "उद्याची चिंता करू नका" हे वचन आपण सोयीनं तोडून वापरतो. प्रभू ते कोणाला सांगत होता? रोजंदारीवरच्या माणसांना, मासे धरणाऱ्यांना. आज काय खायचं, काय पांघरायचं हा ज्यांचा रोजचा प्रश्न, त्यांना. त्यांच्यावर तो आरोप ठेवत नव्हता, त्यांना धीर देत होता. आणि वचनाचा शेवट बघा: "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." दुःख नाही असं कुठं म्हटलंय? रोजचं आहेच, फक्त उद्याचं आजच्यात मिसळू नका.

आता @विश्वासात_स्थिर यांचं वचन. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, बरोबर. पण दोन पानं मागं या, दुसऱ्या अध्यायात. तिथं पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याचं, तीमथ्याचं, कौतुक करतो की तुमची खरी काळजी करणारा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, मेरिम्नाओ. एकाच पत्रात ज्याला करू नका म्हटलं, त्याचंच कौतुक! आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल स्वतःच्या हालअपेष्टांची यादी देतो, फटके, जहाज फुटणं, उपाशी राहणं, आणि शेवटी म्हणतो की याशिवाय सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चेसची, चिंता माझ्यावर रोज असतेच. तिथंही तोच शब्द, मेरिम्ना. मग पौल अविश्वासी होता का?

मला आपल्या मराठीचं यात नवल वाटतं. आपण काळजी *करतो* आणि काळजी *घेतो*, शब्द एकच. पेत्राच्या पत्रात मराठी भाषांतरकारांनी ते सुंदर बसवलंय: "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." ग्रीकमध्ये हे दोन शब्द अगदी निराळे आहेत, मराठीत मात्र ते सख्खे वाटतात. करणं आणि घेणं यांच्यात कुठंतरी आई उभी असते. तुमचे यजमान चेन ताणून घेतात ती घेतलेली काळजी. पंचवीस मिनिटं ठिपका बघितलात ती केलेली. दुसरी पाप नाही, ओझं आहे. म्हणूनच पेत्र "टाका" म्हणतो. ओझं असतं तेच टाकायचं असतं.

एक खासगी सांगतो. माझी धाकटी दहा वर्षांची असताना डेंग्यूनं दवाखान्यात होती. प्लेटलेट्स उतरत चाललेल्या. रविवारी मला ह्याच वचनावर उपदेश होता, आधीच ठरलेला. मी तो दिला, लोकांनी हात मिळवले. मग वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, जाऊन झगा न काढता बसलो आणि अर्धा तास माझे हात थरथरत होते. मंडळीच्या सेक्रेटरींनी पाणी आणून दिलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. त्या माणसाचा उपदेश माझ्यापेक्षा चांगला होता.

---

विश्वासात_स्थिर | मंगळवार, रात्री १०.१५

पाळकसाहेब, आदर आहे. पण असं सैल सोडलं तर लोक काळजीलाच भक्ती समजायला लागतील.

---

निवृत्त_पाळक | मंगळवार, रात्री १०.३१

ती भीती रास्त आहे, भाऊ. अशा आया पाहिल्यात मी. पण काळजीच्या वर अपराधाची पोती चढवून ती कमी झालेली मात्र एकदाही पाहिली नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः किती व्याकूळ झाला होता ते आठवा. शिष्यांना "माझ्याबरोबर जागे राहा" म्हणाला. झोपले ते शिष्य.

---

क्वार्टरगेट | बुधवार, सकाळी ११.०५

आम्ही कॅथलिक, सिटी चर्चवाले (पेशवाईत मिळालेल्या जागेवरचं, हे आम्ही संधी मिळेल तिथं सांगतो). आमच्यात पोरांची काळजी करणाऱ्या बायांची एक खास संत आहे, संत मोनिका. २७ ऑगस्टला सण.

हिचा मुलगा ऑगस्टीन, पुढं स्वतःही संत झालेला. हुशार, पण घरच्या श्रद्धेपासून लांब गेलेला. त्याला आफ्रिकेतून रोमला जायचं होतं आणि आईला ते नको होतं. ती कार्थेजच्या बंदरापर्यंत त्याच्यामागं गेली. त्यानं थाप मारली, मित्राला निरोप द्यायला आलोय. ती रात्रभर तिथल्या संत सिप्रियनच्या देवळात, याला जाऊ देऊ नको म्हणून रडत प्रार्थना करत होती, आणि तेवढ्यात हा जहाजात बसून पसार. (लोकेशन शेअरिंग नव्हतं म्हणून.)

म्हणजे तिनं मागितलं त्याच्या नेमकं उलट झालं. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथं बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. तीही मागोमाग मिलानला पोचली होती, आई ती आईच. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ऑस्तिया बंदरात वारली.

माझी सासू ही गोष्ट फार सांगायची. माझा थोरला घर सोडून गेला तेव्हा मला ती गोष्ट ऐकणं सहन व्हायचं नाही, रागच यायचा. सगळ्यांचं पोर ऑगस्टीन होत नाही. आता तो येतो-जातो, बोलतो, मिस्साला येत नाही. मी संध्याकाळी जपमाळ घेते, पाचव्या दशकात (शेवटच्या दहा मण्यांवर) त्याचं नाव घेते आणि माळ डब्यात ठेवते. डबा बंद केल्यावर त्याला फोन करायचा नाही हा माझा नियम. महिन्यातून चारदा मोडतो.

---

कोथरुडची_आज्जी | बुधवार, दुपारी ४.२०

१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर केवढा गहजब झाला होता, आणि आज मी इथं बसून तुमच्या संतांच्या गोष्टी वाचतेय. बरं वाटलं.

मी स्वामींची. "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" हे वाक्य आमच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये आहे, आणि त्या फ्रेमखाली बसून मी गेली सहा वर्षं जर्मनीचं हवामान बघते. लेक तिथं असते. तिकडे बर्फ पडला की इकडे माझे गुडघे दुखतात.

मध्यंतरी भिशीच्या बायकांबरोबर केडगावला गेले होते, दौंडच्या अलीकडे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला. रमाबाईंचं सगळं आपण शाळेत वाचतो, विद्वत्ता, विधवांसाठीचं काम. त्यांच्यातल्या आईबद्दल कोणी सांगत नाही. नवरा गेला १८८२ मध्ये, मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही. तिला घेऊन बाई इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची पत्रापत्री झाली, त्यात मुलीला काय शिकवायचं, ते कोणी ठरवायचं यावरून चांगलेच खटके उडालेत. माझ्या मुलीचं मी बघेन, हा सूर. परदेशात, त्यांच्याच आश्रयाला असताना! पुढं मनोरमा आईच्या हाताखाली काम करू लागली, बाईंच्या नंतर सगळं तीच बघणार असं वाटत होतं. ती १९२१ मध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. वर्षसुद्धा नाही मध्ये.

दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळणारी ती बाई. तिनं स्वतःच्या एकुलत्या एकीची काळजी केली नसेल? केली तर तिची श्रद्धा कमी होती म्हणायची का? त्या प्रार्थनेतल्या ज्येष्ठ बाईंना विचारा माझ्या वतीनं. चहा झाल्यावर.

---

सेम_वयाचा | बुधवार, रात्री ११.४८

आई हा धागा वाचते म्हणून आयडी नवीन काढलाय. २१ वर्षं, बाइक, कॉलेज नऱ्हे परिसर. मुलांच्या बाजूनं सांगतो.

एक, ठिपका खोटं बोलतो. माझ्या वर्गातले तिघं फोन रूमवर ठेवून सिंहगडाला जातात. दोन, "पोचलास का" ला उत्तर द्यायला आम्ही विसरतो, कारण पोचलेलो असतो. आमच्यासाठी ते संपलेलं असतं, तिकडे तुमचं चालू असतं हे डोक्यात येत नाही. तीन, आई ओरडली की राग येतो, पण एकदा मी उशिरा आलो तर ती ओरडली नाही, देव्हाऱ्यासमोर बसल्या जागी झोपून गेली होती, मान कलंडलेली. त्या दिवसापासून मेसेज करतो. बहुतेक वेळा.

---

समुपदेशक_ताई | गुरुवार, सकाळी ९.१२

व्यवसायानं समुपदेशक आहे. पाळकसाहेबांच्या म्हणण्याला एक पुरवणी.

मूल दाराबाहेर असताना काळीज टांगणीला लागणं हा आजार नाही. पण मूल घरात शेजारच्या खोलीत झोपलेलं असतानाही काळजी थांबत नसेल, झोप उडाली असेल, छातीत धडधड, मान-खांदे कायम आखडलेले, चिडचिड, आणि हे बहुतेक दिवस, सहा-सहा महिने चाललं असेल, तर तो चिंताविकार असू शकतो. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधं आहेत. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

माझ्याकडे श्रद्धाळू लोक येतात ते बहुतेक उशिरा येतात. आधी नवस, उपास, साखळी प्रार्थना, मग मी. एक आई म्हणाली होती, गोळी घेतली तर देवाला वाटेल त्याच्यावर भरवसा नाही. तिला मधुमेहही होता. विचारलं, साखरेची गोळी घेताना देवाला काय वाटतं? हसली, मग बराच वेळ रडली.

वानवडीकरीण, तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्या टोकाला वाटत नाही. पण इथं न लिहिता नुसतं वाचणाऱ्या कोणासाठी हे सांगितलं.

---

नास्तिक_नारायणपेठी | गुरुवार, सकाळी ९.४०

१४४१६ ला अनुमोदन. आणि चेनचं काय झालं?

---

वानवडीकरीण | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९.५०

धागा वर काढतेय, कारण चेनचं विचारणारे अजून थांबले नाहीत. चेन ताणली. मागचं टायरही बदललं, गुळगुळीत झालं होतं, दुकानदारानं जुनंच घातलेलं निघालं. ह्यांनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, संपादक उडवतील.

ठिपका बंद केलाय. मी नाही केला, पोरानंच केला. एक दिवस समोर बसला आणि म्हणाला, आई, हे बंद करतो, त्याऐवजी निघालो की 'नि' आणि पोचलो की 'पो' पाठवीन. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. त्या रात्री मी किती वेळा खिडकीशी गेले ते ह्यांनी मोजलं, मी नाही. (पार्किंगमधले दादा, आमच्या बिल्डिंगमध्येही एक गृहस्थ रात्री गाडी पुसतात. आता मी त्यांना ओळखून हसते.)

पाळकसाहेबांचं "टाका" मी मनात घेतलंय. जमतं असं नाही. क्वार्टरगेट ताईंच्या डब्यावरून सुचलं, बायबलच्या खणात एक जुना बिस्किटाचा डबा ठेवलाय. तो 'नि' पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहून डब्यात टाकते, एक वाक्य प्रार्थना करते आणि स्वयंपाकघरात जाते. पोरानं परवा डबा उघडला. त्याला वाटलं बिस्किटं आहेत. चिठ्ठ्या वाचत उभा राहिला, काही बोलला नाही, झाकण लावून ठेवून दिला.

त्या ज्येष्ठ बाईंचंही सांगते. गेल्या शनिवारी प्रार्थना त्यांच्याकडे होती. आज्जी, तुमचा प्रश्न विचारायचा मी ठरवूनच गेले होते. चहाच्या वेळी मदतीला आत गेले तर ओट्यापाशी उभ्या, फोनवर अगदी हळू आवाजात, "पोचलास ना? जेवलास ना? बरं, बरं, ठेवते." मुलगा दुबईला असतो, पंचेचाळीस वर्षांचा. मला बघून फोन ओट्यावर उपडा ठेवला. मी प्रश्न विचारला नाही. कप विसळले.

आज 'नि' ९.०५ ला आलाय. पाऊस नाही. कोंढव्यात ट्रॅफिक असेल. भात लावायचाय, तो आला की गरम लागतो त्याला.

---

नास्तिक_नारायणपेठी | शुक्रवार, रात्री १०.२२

आला का?

---

कोथरुडची_आज्जी | शुक्रवार, रात्री १०.२५

मीही जागी आहे गं.

---

वानवडीकरीण | शुक्रवार, रात्री १०.३१

'पो'.